शास्त्रज्ञांचं हसणं

१९३१च्या जानेवारीत 'नाटुरविसेनशाफ्टन' या जर्मन साप्ताहिकात एक छोटंसं टिपण छापून आलं. गुइडो बेक, हान्स बेथे आणि वोल्फगांग रीझलर अशी तिघांची नावं त्यावर होती. तिघेही तरुण, त्या वेळी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करणारे. विषय होता केवल शून्य तापमान. उणे २७३ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान का जात नाही, याचं उत्तर पुंजसिद्धान्तातून मिळालं आहे, असा त्यांचा दावा होता. अणूच्या अभ्यासात १३७ या आकड्याभोवती तेव्हा मोठं कुतूहल होतं. त्या आकड्याची दुप्पट करा, त्यातून एक वजा करा, २७३ येतात. मधल्या पायऱ्यांना भारदस्त शब्द होते, समीकरण होतं. संपादक आर्नोल्ड बर्लिनर यांनी ते टिपण छापलं.

ती शुद्ध थट्टा होती. सेल्सिअस मापाचा शून्य अंश म्हणजे पाणी गोठतं ते तापमान आणि शंभर अंश म्हणजे पाणी उकळतं ते. मधले शंभर भाग माणसाने आपल्या सोयीने पाडलेले. फॅरनहाइट मापात त्याच केवल शून्याला उणे ४५९ च्या आसपासचा आकडा येतो, केल्व्हिन मापात तर नुसतं शून्य. माणसाने ठरवलेल्या मापातला आकडा इलेक्ट्रॉनच्या स्वभावातून निघणार कसा? टिपणाचा रोख होता आर्थर एडिंग्टन यांच्यावर. १९१९च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो हे दाखवून आइन्स्टाइनचा सिद्धान्त जगापुढे आणणाऱ्यांत ते अग्रणी होते, इंग्लंडमधले सर्वांत नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. पण या सुमारास त्यांना निसर्गातले मूलभूत आकडे निव्वळ विचाराच्या बळावर काढायचा ध्यास लागला होता. आधी त्यांनी सिद्ध केलं की अणूच्या अभ्यासातला तो गाजलेला आकडा १३६ असला पाहिजे. मोजमापं १३७ कडे झुकताहेत असं दिसल्यावर त्यांच्या युक्तिवादात आणखी एक मिळवला गेला. एवढ्या मोठ्या माणसाला समोर उभं राहून 'हे चुकतंय' म्हणणं विशी-तिशीतल्या पोरांना अवघड होतं, म्हणून त्यांनी त्याच्याच शैलीत लिहून दाखवलं. बर्लिनर संतापले. मार्चमध्ये खुलासा छापावा लागला, की हे टिपण गंभीरपणे लिहिलेलं नव्हतं, केवळ तर्कावर आणि आकड्यांच्या जुळवाजुळवीवर उभ्या राहणाऱ्या लेखनाचा तो एक नमुना होता.

शास्त्रज्ञांच्या विनोदाच्या या संग्रहाची सुरुवात कुठल्या मजकुरापासून करावी, असं मला कुणी विचारलं असतं तर मी हेच टिपण सुचवलं असतं. विनोद म्हणजे विज्ञानाच्या पानात डावीकडे वाढलेली चटणी, अशा समजुतीने आपण शास्त्रज्ञांचे किस्से सांगतो: बघा, एवढा मोठा माणूस, पण किती मिश्कील! माझं मत वेगळं आहे. विज्ञानात कुणाचाही शब्द शेवटचा नसतो असं आपण म्हणतो, पण हे तत्त्व पाळायला जी हिंमत लागते ती रोजच्या व्यवहारात कुठून तरी यावी लागते. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या कितीतरी प्रयोगशाळांत ती हसण्यातून आली. ज्या खोलीत गुरूची नक्कल करता येते त्या खोलीत गुरूची चूकही दाखवता येते. म्हणून पुढची पानं वाचताना प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट पाहावी, अशी माझी विनंती आहे: कोण हसतंय आणि कुणाला हसतंय.

त्याआधी एक खुलासा. शास्त्रज्ञांच्या नावावर खपणारे निम्मे किस्से त्यांचे नसतात. आइन्स्टाइनच्या तोंडी तर जगातलं प्रत्येक चटपटीत वाक्य घातलं गेलं आहे. मद्याचा प्याला नाकारताना सर सी. व्ही. रामन यांनी 'रामन परिणामा'वर केलेली म्हणून जी कोटी आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितली जाते, तिचेही सांगेल तितके पाठ आहेत. असे किस्से खोटेच असतात असं नाही, पण त्यांच्यावर काही उभं करता येत नाही. मला भरवसा वाटतो तो कागदावर उतरलेल्या, तारीख असलेल्या विनोदाचा. आइन्स्टाइनचाच घ्या. २८ नोव्हेंबर १९१९च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांनी सापेक्षतेची ओळख करून देणारा लेख लिहिला आणि शेवटी आपलाच सिद्धान्त स्वतःला लावला. आज जर्मनीत मला जर्मन शास्त्रज्ञ म्हणतात आणि इंग्लंडमध्ये स्विस ज्यू. उद्या मी नकोसा झालो तर ही वर्णनं उलटी होतील. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पुढे जर्मनीत काय झालं ते माहीत असताना आज तो परिच्छेद वाचवत नाही.

विनोदाने चालवलेली एखादी प्रयोगशाळा दाखवा म्हटलं तर कोपनहेगनला जावं लागतं. ब्लेगडाम्सवाय रस्त्यावरच्या नील्स बोर यांच्या संस्थेत दर वसंतात तीस-चाळीस भौतिकशास्त्रज्ञ जमत. १९३२ हे जर्मन कवी ग्योटेच्या मृत्यूचं शताब्दी वर्ष होतं, म्हणून एप्रिलच्या बैठकीत तरुण मंडळींनी त्याच्या 'फाउस्ट' या नाटकाचं विडंबन रंगमंचावर आणलं. लेखन मुख्यतः पंचविशीतल्या मॅक्स डेलब्रुकचं. ते पुढे जीवशास्त्राकडे वळले आणि १९६९चं नोबेल त्यांना मिळालं. या नाटुकल्यात देव म्हणजे बोर, सैतान मेफिस्टो म्हणजे वोल्फगांग पाउली आणि फाउस्ट म्हणजे लायडनचे पाउल एरेनफेस्ट. मेफिस्टो फाउस्टच्या गळ्यात मूळ नाटकाची नायिका ग्रेटचेन बांधू पाहतो. ती ग्रेटचेन म्हणजे पाउली यांनी नुकताच कल्पिलेला, वजन नसल्यासारखा, विद्युतभार नसलेला एक कण. एरेनफेस्टांना तो बिलकूल पटत नव्हता. शेवटच्या प्रवेशात जेम्स चॅडविक येतात. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी न्यूट्रॉनचा शोध जाहीर केला होता.

बोर समोरच बसले होते. समोरच्याचं म्हणणं खोडून काढण्याआधी आपण टीका करण्यासाठी नव्हे, केवळ शिकण्यासाठी विचारतो आहोत असं म्हणायची त्यांना सवय होती. ऐकणाऱ्याला तेव्हा कळून चुकायचं की आता आपलं काही खरं नाही. नाटकातला देव सैतानाशी नेमकं असंच बोलतो. ज्यांच्या शिफारशीवर आपली पुढची नोकरी अवलंबून आहे त्या माणसाच्या बोलण्याची ही नक्कल त्याच्यासमोर, त्याच्याच संस्थेत. आणि बोर यांना ते आवडायचं. त्यांच्या पन्नासाव्या, साठाव्या आणि सत्तराव्या वाढदिवसाला, म्हणजे १९३५, १९४५ आणि १९५५ साली, शिष्यांनी 'जर्नल ऑफ जॉक्युलर फिजिक्स' नावाचे थट्टेचे अंक काढून त्यांच्या हाती दिले.

त्या संध्याकाळचं हसणं मात्र निर्धास्त नव्हतं, हेही इथेच सांगायला हवं. नवं भौतिकशास्त्र आपल्या आवाक्याबाहेर चाललं आहे या भावनेने एरेनफेस्ट आतून खचत होते. सप्टेंबर १९३३मध्ये त्यांनी आत्महत्या केली. हे ठाऊक झाल्यावर फाउस्टचे संवाद पूर्वीसारखे वाचता येत नाहीत. १९३१च्या टिपणातल्या बेथेंची ट्यूबिंगनमधली जागा त्याच वर्षी नाझींनी काढून घेतली. ज्यांना त्या टिपणाच्या तिघा लेखकांनी फसवलं होतं ते संपादक बर्लिनर ज्यू होते म्हणून १९३५मध्ये त्यांना आपल्याच साप्ताहिकातून काढण्यात आलं. १९४२मध्ये बर्लिनमध्ये त्यांनीही स्वतःचं आयुष्य संपवलं.

नाटकातल्या ग्रेटचेनची मूळ कथा पाउली यांच्या एका पत्रात आहे. ४ डिसेंबर १९३० रोजी त्यांनी झुरिकहून ट्यूबिंगनच्या बैठकीला ते पाठवलं. बीटा किरणोत्सारात अणुकेंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. प्रत्येक वेळी त्याची ऊर्जा सारखीच भरायला हवी होती, पण कधी जास्त, कधी कमी अशी कुठलीही भरायची. उरलेली ऊर्जा जात होती कुठे? बोर तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडायला तयार झाले होते. पाउली यांचा उपाय असा, की ती ऊर्जा घेऊन एक न दिसणारा, विद्युतभार नसलेला कण निसटत असला पाहिजे. नवा कण कल्पिणं त्या काळी जवळपास असभ्य मानलं जाई. तेव्हा इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एवढ्या दोनच कणांत सगळं विश्व बसवायची पद्धत होती. पत्राचा मायना आहे 'प्रिय किरणोत्सारी स्त्री-पुरुषहो'. पुढे ते लिहितात, की हा अगतिकपणे शोधलेला मार्ग आहे, तो छापायचं धाडस मला होत नाही, म्हणून आधी तुम्हा किरणोत्सारी मंडळींना विश्वासात घेतो आहे. आणि बैठकीला मला येता येणार नाही, कारण ६ डिसेंबरच्या रात्री झुरिकमध्ये नृत्याचा समारंभ आहे आणि माझ्यावाचून तिथे चालणार नाही.

दुसऱ्याच्या चुकीला क्षमा न करणारा म्हणून पाउली प्रसिद्ध होते. एखादं लेखन चूक ठरण्याच्याही लायकीचं नाही, असा त्यांचा शेरा सांगितला जातो. ते दारात आले की उपकरणं मोडतात असा बोलबाला होता आणि हॅम्बुर्गचे ओटो स्टर्न त्यांना आपल्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देत नसत. असा माणूस, नुकताच घटस्फोट झालेला, स्वतःला न पटणारी कल्पना पुढे मांडतो तेव्हा हा थट्टेचा सूर त्याला बोलतं करतो. नुसता गंभीर लेख लिहायला बसले असते तर पाउली यांनीच तो फाडून टाकला असता, असं मला मनापासून वाटतं. तो कण, आज ज्याला आपण न्यूट्रिनो म्हणतो, १९५६मध्ये अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर अणुभट्टीजवळ फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कॉवन यांना सापडला. त्यांनी पाउली यांना तार केली. पत्राला तेव्हा पंचवीस वर्षं उलटून गेली होती.

आता या विषयाची काळी बाजू. तिचं नायकत्व पुन्हा एडिंग्टन यांच्याकडेच आहे.

१९३०च्या जुलैअखेर एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला. जळून संपलेले तारे, ज्यांना श्वेत बटू म्हणतात, त्यांचं गणित तो त्या प्रवासात करत होता. इलेक्ट्रॉनच्या वेगाला सापेक्षतेचा नियम लावला तर एका ठरावीक वस्तुमानापलीकडे तारा स्वतःचा भार पेलू शकत नाही, असं त्याला दिसलं. ती मर्यादा आज सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात. चार वर्षं त्याने हे गणित पक्कं केलं. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात एडिंग्टन त्याच्याकडे वरचेवर येत, आकडे पाहत, कामाची चौकशी करत. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनमध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखरने निबंध वाचला. त्याच्यानंतर एडिंग्टन उठले. ते याच विषयावर बोलणार आहेत हे चंद्रशेखरला कार्यक्रमपत्रिकेवरून आदल्या दिवशी कळलं होतं, बोलणार काय ते नाही. या सभेतून मी जिवंत बाहेर पडेन की नाही कोण जाणे, अशी सुरुवात करून त्यांनी त्या सिद्धान्ताचा पायाच नाकारला, आणि ताऱ्याने असं हास्यास्पद वागू नये यासाठी निसर्गात एखादा नियम असायला हवा, असं म्हणाले. सभागृह हसलं. सभा संपल्यावर लोक चोवीस वर्षांच्या त्या तरुणाची कीव करून गेले.

चंद्रशेखरने कोपनहेगनला बोर यांचे सहकारी रोझेनफेल्ड यांना पत्र लिहिलं. बोर आणि पाउली दोघांनाही त्याचंच बरोबर वाटत होतं, पण जाहीरपणे तसं बोलायला दोघेही तयार झाले नाहीत. हे मी मुद्दाम इथे लिहितो आहे, कारण कोपनहेगनचं कौतुक करून पुढे जाणं सोपं असतं. देवाची नक्कल करायची मुभा त्या संस्थेत होती. संस्थेबाहेरच्या, वसाहतीतून आलेल्या एका एकट्या माणसाला भर सभेत हसलं गेलं तेव्हा त्याच्या बाजूने उभं राहणं त्यांना जमलं नाही. चंद्रशेखर अमेरिकेत गेले, १९३९मध्ये ताऱ्यांच्या रचनेवर पुस्तक लिहून त्यांनी हा विषय बाजूला ठेवला. नोबेल मिळालं १९८३मध्ये. ताऱ्याचं ते 'हास्यास्पद वागणं' आज शाळेतल्या मुलाला कृष्णविवर म्हणून माहीत आहे.

वरून खाली येणाऱ्या हसण्याचे नमुने रसायनशास्त्रातही आहेत. १८४०मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांच्या नियतकालिकात एस. सी. एच. विंडलर या नावाने फ्रेंचमधून एक पत्र आलं. अक्षरं जोडून वाचली की जर्मनमध्ये त्याचा उच्चार 'भामटा' असा होतो. पत्र खरं तर लिबिग यांचे मित्र, रसायनशास्त्रज्ञ व्योलर यांचं. रेणूतल्या हायड्रोजनची जागा क्लोरीन घेऊ शकतो या फ्रान्सच्या ड्युमा यांच्या मताची खिल्ली उडवत त्यांनी लिहिलं, की मी एका क्षारातला एकेक अणू बदलत नेला आणि अखेर निव्वळ क्लोरीन उरला, तरी मूळ पदार्थाचे गुण तसेच राहिले. लंडनमध्ये तर आता नुसत्या क्लोरीनपासून विणलेलं कापड मिळतं. वाचून आजही हसू येतं. पण ड्युमा यांचं म्हणणं मुळात बरोबर होतं. त्याहून वाईट लाइपझिगच्या हेर्मान कोल्बे यांचं. कार्बनचे बंध अवकाशात चार दिशांना असतात असं मांडणारा तरुण व्हान्ट हॉफ उत्रेख्तच्या पशुवैद्यक विद्यालयात नोकरीला होता. स्वारीसाठी याने तिथलाच एखादा पंखांचा घोडा घेतलेला दिसतो, असं कोल्बे यांनी १८७७मध्ये स्वतः संपादित करत असलेल्या नियतकालिकात लिहिलं. १९०१मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल व्हान्ट हॉफ यांना मिळालं.

कधी हसण्याची किंमत शेजारी उभा असलेला माणूस मोजतो. विश्वाच्या सुरुवातीला मूलद्रव्यं कशी तयार झाली यावरचा एक निबंध १ एप्रिल १९४८च्या 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये आला. काम राल्फ आल्फर या विद्यार्थ्याचं आणि त्याचे मार्गदर्शक जॉर्ज गॅमॉव्ह यांचं. गॅमॉव्ह यांनी मध्ये हान्स बेथे यांचं नाव घातलं. १९३१च्या टिपणातले तेच बेथे. निबंधाशी त्यांचा काही संबंध नव्हता. आल्फर, बेथे, गॅमॉव्ह म्हणजे ग्रीक वर्णमालेतले आल्फा, बीटा, गॅमा. कोटी अजरामर झाली. आल्फर मात्र दुखावले, आणि त्यांचं दुखावणं मला पूर्ण रास्त वाटतं. दोन दिग्गजांच्या मध्ये सापडलेल्या विद्यार्थ्याने खरं काम केलं असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. त्याच वर्षी आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी विश्वात सगळीकडे उरलेल्या मंद किरणांचं भाकीत केलं. १९६५मध्ये ते किरण सापडले, १९७८चं नोबेल ते शोधणाऱ्यांना गेलं. आल्फर यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं २००७मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी.

चंद्रशेखरांकडे पुन्हा येऊ. १९५७मध्ये जॉन साइक्स या इंग्रज विद्वानाने त्यांच्या लेखनाचं विडंबन केलं. चंद्रशेखर एकाच विषयावर क्रमांक टाकून निबंधांची माळ लावत, म्हणून याचं शीर्षक 'लिफ्टचालकांची अविचलता: भाग ५७'. लेखक म्हणून 'एस. कॅंडलस्टिकमेकर'. समीकरणांची धाटणी, जडशीळ वाक्यं, स्वतःच्याच आधीच्या निबंधांचे दाखले, सगळं हुबेहूब. चंद्रशेखर तेव्हा 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'चे संपादक होते. त्यांनी ते विडंबन आपल्या नियतकालिकाच्याच मांडणीत छापवून घेतलं आणि वाटलं. भर सभेत ज्याचं हसं झालं होतं त्या माणसाने हसण्याचा राग धरला नाही, हे मला त्यांच्या गणिताइतकंच मोठं वाटतं. पुण्यात 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे.

त्या 'आयुका'चे संस्थापक जयंत नारळीकर यांच्या एका खोडीचा उल्लेख मराठी वाचकासाठी व्हायलाच हवा. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहिली, पण स्वतःच्या नावाने पाठवली तर परीक्षकांवर दडपण येईल म्हणून आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून प्रत लिहून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. प्रयोगात निरीक्षकाचा पूर्वग्रह टाळायला जी काळजी घेतात तीच ही काळजी, फक्त खोडीच्या रूपात.

जाता जाता एक खंत सांगतो. या संग्रहातला बहुतेक मजकूर युरोप-अमेरिकेतला आहे, कारण तिथल्या लोकांनी तो जपला. कॅव्हेंडिशच्या वार्षिक जेवणात म्हटली जाणारी गाणीसुद्धा त्यांनी छापून ठेवली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, भाभा अणुसंशोधन केंद्रात, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपल्या विद्यापीठांच्या विभागांत गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं माणसं एकत्र काम करत आली आहेत. कॅन्टीनमध्ये गुरूंच्या नकला झाल्या असतील, फळ्यावर कुणी खोडसाळ समीकरण लिहून ठेवलं असेल, निरोपसमारंभात नाटुकली झाली असतील. ते सगळं बोलण्यातच राहिलं आणि गौरवग्रंथांत मात्र फक्त पदं आणि पुरस्कार उरले. ज्यांच्याकडे असे कागद असतील, किंवा जे त्या खोलीत हजर होते, त्यांनी कृपा करून ते लिहून काढावं: कोण होतं, कोणतं साल, कुणाची थट्टा झाली, आणि ज्याची झाली तो काय म्हणाला.